गरम टॉवेलांची घडी

प्रिय आई,

मागच्या पत्रातलं, तुझ्या खोलीतल्या आगीबद्दलचं माझं एक वाक्य चुकलं. 'इस्त्री चालू राहिली असणार, या वयात होतं असं कधी कधी, तू मनाला लावून घेऊ नकोस,' हे ते वाक्य. लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, तरी ते चूकच आहे. इस्त्री चालू राहिली नव्हती. तू ती बंद केली होतीस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

आज रविवार. मी आमच्या इमारतीच्या तळघरात बसले आहे आणि समोर ड्रायर फिरतो आहे. तुझ्यासाठी ड्रायर आणला त्या दिवशी मी तुला बजावलं होतं, मशीन फिरत असताना घर सोडायचं नाही आणि झोपायचं नाही. तो नियम मी इथेही पाळते. या इमारतीत दुसरं कुणी पाळत नाही. लोक कपडे टाकतात, बटण दाबतात आणि वर निघून जातात. मी एक स्टूल ओढून बसते. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा आपली एकुलती एक चादर घेऊन येतात, त्यांना मी एकदा म्हटलं, आजोबा, जाळी काढून साफ केलीत का, मागच्याचा कापूस साचलाय तिच्यात. तर म्हणाले, "पोरी, तू माझ्या सुनेपेक्षा वाईट आहेस." पण जाळी साफ केली. तेव्हापासून दर रविवारी आल्या आल्या ते मला जाळी उचलून दाखवतात, शाळेत नखं दाखवतात तशी. आठवड्यात कचेरीबाहेर माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तेवढे एकच. ते गेले की मग मी आणि हे मशीन. गोल काचेतून आपलेच कपडे वर जाताना आणि खाली पडताना बघत राहायचं. माझा निळा सदरा सारखा काचेला हात लावून जातो. एकदा तर मीही हात हलवला त्याला. हस तू.

कचेरीचं विचारशील तर तेच चाललंय. नळजोडणीच्या अर्जांवरचे आकडे तपासायचे, चुकले असतील तिथे खूण करायची. मी प्रत्येक आकडा दोनदा बघते म्हणून मला सगळे 'दोनदाबाई' म्हणतात. मला राग येत नाही. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. दादा तर गाड्यांच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं शिकला, तीही गॅरेजात, हाताला ग्रीस लागलेलं असताना. त्यामुळे लहानपणापासून घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात यायचा, आणि मी जे म्हणेन ते पक्कं व्हायचं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, विजेच्या माणसानं काय सांगितलंय, सगळं. तू तर शेजारपाजारच्यांनाही सांगायचीस, "आमची मुंगी बघेल." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता भीती वाटते. दिवसभर लोकांचे आकडे दोनदा तपासणारी मी, तुझ्याबद्दलचं एक वाक्य एकदाच लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

दादानं तुला ते पत्र वाचून दाखवलं असेल, बोट ठेवून, सावकाश. बाकीचं पत्र त्यानं गाळलं असावं असं मला वाटतं, कारण त्यातल्या गमतीवर तू फोनवर एकदाही हसली नाहीस. पण ते वाक्य त्यानं नक्की वाचलं. दोनदा वाचलं असेल. शिकलेली बोलली म्हणजे झालं. त्याच्यानंतर तुझं बोलणं कसं बदलत गेलं ते मी फोनवर ऐकत होते. आग लागली त्या आठवड्यात तू ठणकावून सांगत होतीस, "मी बंद केली होती गं, मला चांगलं आठवतंय." माझं पत्र आल्यावर म्हणालीस, "केली होती वाटतं." आणि परवा, जेवणाच्या टेबलावर फोन ठेवलेला, सगळे ऐकतायत, तू हळूच म्हणालीस, "नसेन केली." आई, त्या दोन शब्दांनंतर मला कचेरीत एक ओळ धड वाचता आली नाही.

खरं काय झालं ते मला कसं कळलं, ते सांगते. इथे बसून बसून माझी मान धरते. तू असतीस तर अंगठ्यानं एकदा दाबून मोकळी केली असतीस, बाहेर बाकावर चार पाठदुखीवाले ताटकळत बसवून. मी तुझ्या मालिशचं तेल विकत आणलं आणि स्वतःच चोळायला लागले. स्वतःची मान स्वतःला चोळता येत नाही, हात उलटा पडतो, तरी चोळायची. वासासाठी चोळायची असं म्हण ना. मग टॉवेलानं पुसायचं, टॉवेल धुवायचा, पुन्हा तेच. दोन रविवारांमागे ते सगळे टॉवेल धुऊन मी ड्रायरमध्ये टाकले. मशीन शेवटी शेवटी उष्णता बंद करून नुसती गार हवा फिरवत राहतं, ते पुरतं होऊ द्यायचं असतं. त्या दिवशी मी नाही होऊ दिलं. मला गरम टॉवेल हवे होते. कुणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटतं, म्हणून. मध्येच दार उघडून मी ते काढले, थोडा वेळ छातीशी धरले आणि मग अगदी तुझ्यासारखी घडी घातली. आधी तिघडी, मग दुमड, मग वरून तळव्यानं दाब. तू म्हणायचीस तेही मनातल्या मनात म्हटलं, "कपडा गरम असतानाच ऐकतो, गार झाला की माणसासारखा अडून बसतो." सगळ्या घड्या एकावर एक रचल्या, वर माझा कोट ठेवला, म्हणजे चापून बसतील, आणि दुसरे कपडे लावून तिथेच बसले.

बऱ्याच वेळानं ऊब घ्यावी म्हणून मी त्या थप्पीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. ठेवताना होते त्यापेक्षा टॉवेल आतून जास्त गरम झाले होते. कितीतरी जास्त. एव्हाना ते गार पडायला हवे होते. आणि एक वास होता, कढईत तेल विसरलं की येतो तसा. मी कोट फेकला, एकेक टॉवेल झटकून फरशीवर पसरला, एकही दुसऱ्याला लागणार नाही असा. मधल्या दोघांना पिवळसर डाग पडले होते. तापाच्या पोरांकडे बघावं तशी मी त्यांच्याकडे बघत बसले. आजोबा जाळी दाखवायला आले, फरशीभर टॉवेल बघून म्हणाले, "अंथरूण घातलंस की काय?" मी एक टॉवेल उचलून पुन्हा हुंगला, कारण तो वास मला ओळखीचा वाटत होता. तुझ्या खोलीत आग विझल्यावर मी आले होते ना, तेव्हा तोच वास होता. मी समजले होते, तेलाची बाटली फुटली असेल. पण बाटली तर खिडकीत तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी इथल्या अग्निशमन केंद्राला फोन केला. दोनदाबाई आहे ना मी. फोनवरच्या माणसाला जराही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, तेल लागलेला कपडा साध्या धुण्यानं स्वच्छ दिसतो, पण तेल विणीत राहून जातं. तो ड्रायरमध्ये तापवला आणि गार न होऊ देता घट्ट रचून ठेवला, की आतल्या आत आणखी तापत जातो, आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. काही तासांनी पेट घेतो. तोवर मशीन बंद असतं, घरात कुणी नसतं, आणि लोक दुसरंच कारण शोधतात. त्यानं विचारलं, तुमच्याकडे असं काही झालंय का. मी म्हटलं, माझ्या आईकडे. आणि फोन ठेवून जिन्यात जाऊन रडले.

आता तो दिवस माझ्याबरोबर पुन्हा एकदा बघ. सकाळी तू मालिशचे टॉवेल धुऊन ड्रायरमध्ये लावलेस. मी तुला तेलकट कपडे घालू नकोस म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "धुऊनच घालते गं, मी काय वेडी आहे?" आणि मीही 'मग ठीक आहे' म्हटलं होतं. धुतलं म्हणजे तेल गेलं, असं तुलाही वाटलं आणि मलाही. टॉवेल गरम असतानाच तू काढलेस, घड्या घातल्यास आणि इस्त्रीचा त्रास वाचावा म्हणून जुन्या चादरीत करकचून बांधून गाठोडं फळीवर ठेवलंस. मग मालिशच्या बाकावरच्या चादरीवर इस्त्री फिरवलीस, ती गाठोड्याशेजारी उभी ठेवलीस आणि बसड्रायव्हरच्या आईचे गुडघे चोळायला गेलीस. समोरच्या शिंप्याला धूर दिसला, त्यानं दार तोडलं. फळी गेली, पडदा गेला, भिंत काळी झाली. जळलेल्या गाठोड्याशेजारी इस्त्री. ड्रायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, थंडगार, एक ओरखडासुद्धा नाही. कुणाला त्याचा संशय येणार? दादा दारातच म्हणाला, "इस्त्री!" आणि आम्ही सगळे इस्त्रीकडे बघायला लागलो.

पण गाठोडं उपसताना दादा आणखीही एक बोलला होता, "च्यायला, हे आतून कसं जळलंय बघ." वरच्या टॉवेलांच्या कडा शाबूत होत्या आणि मध्ये कोळसा. मी 'हं' म्हटलं. आणि दुसरी गोष्ट. ती इस्त्री मी स्वतः उचलून बाहेर ठेवली, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वायर मुठीभोवती गुंडाळलेली होती आणि गुंडाळलेलीच वितळून चिकटली होती. तीन वेढे आणि टोक आत खोचलेलं, तू खोचतेस तसं. आई, भिंतीत लावलेली वायर कुणी मुठीला गुंडाळत नाही. तू इस्त्री बंद केलीस, पिन काढलीस, वायर गुंडाळलीस, टोक खोचलंस, मग गेलीस. तुला चांगलं आठवत होतं. तुझं डोकं ठीक आहे. हे वाक्य मी दोनदा तपासलंय.

दादाला बोल लावू नकोस. तो घाबरलाय. मला म्हणाला, "तिला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?" म्हणून तो तुला त्याच्या घरी घेऊन गेला, आणि म्हणून कामावर जाताना शेगडीची बटणं काढून सदऱ्याच्या खिशात घालून नेतो. वहिनीनं मला हसत हसत सांगितलं, दुपारी चहा करायचा तर मलाच नवऱ्याला फोन करावा लागतो. ती हसली, पण मला दिसत होतीस तू. त्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, ज्या हातांनी अर्ध्या वस्तीच्या पाठी सरळ केल्या ते हात मांडीवर ठेवून बसलेली. वहिनी रोज सकाळी तुला विचारते ना, आज वार कोणता? तिच्या मनात वाईट काही नाही, कुणीतरी तिला तसं विचारायला सांगितलंय. पण पूर्वी असं कुणी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "का, पगार द्यायचाय?" आता म्हणे तू आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतेस. आपल्यालाच आपला भरवसा नाही, याच्यासारखं एकटेपण नाही. माझं एकटेपण काय, रविवारी आजोबांशी दोन शब्द बोलले की तासभर मागे हटतं.

मशीननं आत्ताच आवाज बदलला. उष्णता बंद झाली, आता नुसती हवा. मी उठणार नाही. हे संपेपर्यंत पुढचं लिहिते, कारण तू पुन्हा काम सुरू करशील तेव्हा हे लागेल. मालिशचे टॉवेल आता ड्रायरमध्ये कधीच घालायचे नाहीत, कितीही स्वच्छ दिसोत. कडकडीत पाण्यात, जास्त साबण घालून दोनदा धुवायचे आणि दोरीवर वाळवायचे. पावसापाण्याचं दोन दिवस लागले तर लागू देत, गिऱ्हाईक थांबेल. बाकावरची स्पंजाची गादीही आत घालायची नाही. तू एकदा विचारलं होतंस, मी 'बघून सांगते' म्हटलं आणि राहूनच गेलं. तर नाही घालायची, स्पंजही तसाच पेटतो. बाकी कपडे खुशाल घाल, पण ठासून नको. जाळी प्रत्येक वेळी, आणि मागचा जाड पाइप अधूनमधून काढून झटकायचा, त्यातही कापूस साठतो. पिन थेट भिंतीत, लांबवलेल्या बोर्डावर नाही. मशीन भिंतीला चिकटलेलं नको, त्यालाही श्वास लागतो. आणि गार हवा संपेपर्यंत दार उघडायचं नाही. मध्येच थांबवावंच लागलं तर सगळे कपडे भराभर बाहेर काढून पसरायचे, ढीग करायचा नाही. घड्या गार झाल्यावरच. कपडा अडून बसला तर बसू दे. आणि फळीवर घट्ट गाठोडं कशाचंच नको.

थांबलं मशीन. कपडे कोमट आहेत, हाताला लागत नाहीत. आजोबांनी आज त्यांची चादर माझ्या हातात देऊन म्हटलं, "हिची घडी तुझ्यासारखी घालून दे." मी दुसरं टोक त्यांना धरायला लावलं. चादरीची घडी दोघांनीच घालायची असते हे मी विसरून गेले होते. आपण दोघी घालायचो, तू ओढायचीस आणि मी मुद्दाम सोडून द्यायची, आणि तू ओरडायचीस, "मुंगीच्या हातात जोर नाही!" हे आठवलं आणि मी पुन्हा सोडून दिली. आजोबा पडता पडता वाचले. म्हणाले, "सुनेला मी उगाच नावं ठेवतो."

आता शेवटचं. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. दादा बोट ठेवून वाचेल, अवघड जागी थांबेल, त्याला लागेल ते गाळेल, आणि इस्त्रीचं खरं काय ते तुझ्यापर्यंत पोचणारच नाही. फोनवर मला जमत नाही. टेबलावर सगळ्यांचे आवाज एकत्र आले की मी 'बरं आहे ना सगळं' म्हणून फोन ठेवते. पण हातात कागद असला की माझा आवाज हलत नाही, हे तुला माहीत आहे. मागचं वाक्य कागदावरून तुझ्यापर्यंत आलं, तेव्हा दुरुस्तीही कागदावरूनच यायला हवी, फक्त या वेळी वाचणारी मी असेन. दादा सोमवारी, तीस तारखेला, तुझ्या खोलीची किल्ली घरमालकाला परत देणार आहे. त्याच्या आधी मला तू, दादा आणि वहिनी, तिघंही त्या खोलीत हवे आहात, काळ्या भिंतीसमोर. मी दादाला एवढंच सांगणार आहे की खोली शेवटची बघायला येते, आणि येताना तुझ्या बाल्कनीत ठेवलेली जळकी इस्त्री घेऊन ये. ती तो लोकांना दाखवायला ठेवतो, तर मलाही दाखव म्हणावं. तू तुझ्या बाकावर बसायचंस. मी हे सगळं पहिल्या ओळीपासून वाचेन, त्याचा भाग त्याच्यासमोर आणि माझा भाग तुझ्यासमोर, काही न गाळता. मग इस्त्री तुझ्या मांडीवर ठेवीन आणि तू ते तीन वेढे बोटानं मोजायचेस. आणि मग, दादा काही बोलायच्या आत, तू पहिल्यांदा म्हणाली होतीस ते तसंच म्हणायचंस, ठणकावून. किल्ली कुणाच्या हातात राहील ते त्यानंतर ठरू दे. रजा मंजूर झाली आहे, पहाटेच्या गाडीचं तिकीट दोनदा तपासलंय. मी येते आहे शनिवारी, अठ्ठावीस तारखेला.

तुझीच,
हातात जोर नसलेली मुंगी